आधणात सोडलेले पीठ : वरणफळे, उंड्राळ्ळू आणि चिपेत्के
(लेखांक सहावा)

भिजवलेल्या पिठाचे लहान तुकडे भाजण्या-तळण्याऐवजी उकळत्या पाण्यात, वरणात किंवा वाफेवर शिजवण्याची रीत धान्यावर जगणाऱ्या बहुतेक समाजांत आढळते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मात्र तिची दोन रूपे शेजारी-शेजारी नांदतात, आणि त्यांतील भेद हातोटीचा नसून धान्याचा आहे. वरोरा-भद्रावतीच्या काळ्या जमिनीकडील स्वयंपाकात कणकेची वरणफळे, म्हणजे बोलीतील नुसती ‘फळं’, ओळखीची आहेत. तर ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून वैनगंगा ओलांडून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात पसरलेल्या झाडीपट्टीत धान हेच मुख्य पीक असल्याने तेथे पिठाचा विचार तांदळापासून सुरू होतो. हंगेरीतील पदार्थांशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो.

वरणफळांसाठी दोन वाट्या कणकेत हळद, तिखट, मीठ, ओवा आणि चमचाभर तेल घालून ती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवतात, तिची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे करतात, अथवा लहान गोळ्या तीन बोटांच्या चिमटीत दाबून त्यांना खोलगट आकार देतात, आणि हे तुकडे फोडणी दिलेल्या, मुद्दाम पातळ ठेवलेल्या तुरीच्या वरणाला खळखळून उकळी आल्यावर एकेक करून सोडतात. हंगेरीतील ‘चिपेत्के’ याच घराण्यातले आहेत. शंभर ग्रॅम मैद्यात एक अंडे आणि चिमूटभर मीठ एवढ्यावरच, जमल्यास पाण्याचा थेंबही न घालता, घट्ट गोळा मळला जातो. त्याचे नखाएवढे तुकडे चिमटीने तोडून ते ‘गुयाश’ या मांसाच्या रश्शात किंवा घेवड्याच्या दाण्यांच्या सुपात शिजवले जातात. ‘चिपेत्के’ हे नाव चिमटा घेणे या अर्थाच्या हंगेरियन क्रियापदावरून आलेले आहे, आणि ‘गुयाश’चा मूळ अर्थ गुराखी असा आहे. दोन्ही रश्श्यांना रंग देणारी मिरची अमेरिका खंडातून आलेली, म्हणजे मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरला आणि हंगेरीतील सेगेद शहराला सारखीच परकी. हे दोन्हीकडच्या अभिमानी मंडळींना सहसा रुचत नाही.

हे तुकडे उकळत्या पाण्यात का विरत नाहीत, याचे उत्तर गव्हात आहे. गव्हाच्या पिठातील दोन प्रथिने पाणी मिळताच एकमेकांत गुंफली जाऊन ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते आणि पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च, त्या जाळ्यात अडकून राहते. अंडे घातले असल्यास उष्णतेने गोठणारे त्याचे प्रथिन ही पकड आणखी आवळते. म्हणूनच गव्हाचा कच्चा तुकडा थेट आधणात सोडता येतो. मैद्याऐवजी कणीक घेतल्यास तिच्यातील कोंडा या जाळ्यात खंड पाडतो आणि पाणीही अधिक पितो, यासाठी मळलेला गोळा वीस मिनिटे झाकून ठेवणे बरे.

तांदळात हे जाळे तयारच होत नाही. तांदळाच्या पिठाचा थंड पाण्यात मळलेला गोळा आधणात टाकला, तर तो बहुधा फुटतो. म्हणून त्याला आधी उकड काढावी लागते, म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ वैरून, झाकून वाफ द्यावी लागते, ज्यामुळे स्टार्चचे कण फुगून चिकट होतात आणि ग्लुटेनचे काम तो चिकटपणा करतो. थोडक्यात, तांदूळ शिजवण्यापूर्वीच अर्धा शिजवावा लागतो. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळील सिरोंचा भागात तेलुगू बोलली जाते, आणि तेलुगू घरांत गणेशचतुर्थीला होणारे ‘उंड्राळ्ळू’ याच तत्त्वावर उभे असतात : तांदळाची कणी हरभऱ्याच्या डाळीसह उकळत्या पाण्यात शिजवून, निवल्यावर तिचे गोळे वळून ते पुन्हा वाफवतात. पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडमधील ‘फरा’ या बोटाएवढ्या वळकट्यांत तर पिठात शिजलेला भातच मळण्याची पद्धत आहे. उरलेल्या भाताचा इतका शास्त्रशुद्ध उपयोग क्वचितच दिसतो.

हंगेरीतील दुसरा प्रकार, ‘नोकेद्ली’, घरी करून पाहणाऱ्यांनी चारशे ग्रॅम मैदा, दोन अंडी, चमचाभर मीठ आणि साधारण एक पेला पाणी यांचे भज्यांच्या पिठाहून दाट, चमच्याला लोंबणारे मिश्रण करावे. ते फार घोटू नये, कारण घोटल्याने ग्लुटेन ताणले जाऊन गोळ्या रबरासारख्या होतात. हे मिश्रण उकळत्या पाण्यात पाडण्यासाठी खास किसणीऐवजी मोठ्या भोकांचा बुंदीचा झारा चालतो, पण वाफेने पीठ भोकांतच शिजू लागते, म्हणून हात चालता ठेवावा. गोळ्या मिनिट-दोन मिनिटांत तरंगल्या की निथळून काढाव्यात. वरणफळांना ही तरंगण्याची कसोटी लावू नये; शिजता-शिजता दाट होत जाणाऱ्या वरणात ती भरवशाची नसते, त्यामुळे एक फळ मोडून आत पांढरा कच्चा ठिपका राहिला नाही ना, हे पाहावे. तसेच मैदा संपला म्हणून नोकेद्लीत तांदळाचे पीठ घालण्याचा मोह टाळावा, कारण मग आधणात गोळ्या नव्हे, पेज उरते.