हरमलची मिरची, घरचं तिरफळ आणि चिनी मापो टोफू

हरमल (ता. पेडणे) : हरमलच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत टोफू आता नवा राहिलेला नाही. घरी करायचा म्हटलं की मात्र चिनी सॉसच्या बाटल्यांची यादी बघूनच अनेकजण बिचकतात. ‘मापो टोफू’ या झणझणीत पदार्थाच्या बाबतीत एवढं बिचकायचं कारण नाही. त्याच्या चवीचे दोन मुख्य आधार म्हणजे तिखट मिरची आणि तिरफळाचा चुलत भाऊ. पेडण्यापासून सावंतवाडी-दोडामार्गापर्यंत या दोन्ही चवी घरोघरी ओळखीच्या आहेत.

पदार्थ कुठला?

चीनमधल्या सिचुआन प्रांताची राजधानी चेंगडू. तिथे १८६२ च्या सुमारास चेन आडनावाच्या बाईंच्या खानावळीत हा पदार्थ तयार झाला, असं सांगतात. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. ‘मापो’ म्हणजे व्रण असलेली म्हातारी. तेच नाव पदार्थाला चिकटलं. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. तो थोड्या खिम्याबरोबर लालभडक, तेलाचा तवंग असलेल्या रश्शात शिजवतात आणि भाताबरोबर खातात.

जीभ का मुरमुरते?

सिचुआनी चवीला ‘मा-ला’ म्हणतात. ‘ला’ म्हणजे तिखट आणि ‘मा’ म्हणजे जिभेला येणारी मुरमुरी. ही मुरमुरी सिचुआन मिरीमुळे येते. नावात मिरी असली तरी ती काळ्या मिरीची कुणी नव्हे. गोव्यात तेफळ, मालवणीत तिरफळ म्हणतात, त्याच कुळातली ती आहे. बांगड्याच्या आमटीत तिरफळ दाताखाली आलं की जे होतं, तेच हे. तिरफळाचा वास जास्त उग्र, म्हणून प्रमाण कमी ठेवावं.

मिरचीचं म्हणाल तर ती दोन्हीकडे पाहुणीच. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यात आली, चीनमध्येही ती बाहेरूनच पोचली. त्याआधी सिचुआनच्या जेवणाला झटका होता तो या मिरीचाच.

कृती (चौघांसाठी)

टोफू ४०० ग्रॅम, डुकराचा किंवा चिकनचा खिमा १०० ग्रॅम, सुक्या हरमल मिरच्या ५-६, लसूण ६ पाकळ्या, आलं १ इंच, सोया सॉस २ चमचे, तिरफळं ६-७, तेल ३ मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर २ चमचे, कांद्याची पात.

१. मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून लसूण, थोडं मीठ आणि चमचाभर माडाच्या व्हिनेगरबरोबर वाटाव्यात.

२. तिरफळातली काळी बी काढून टाकावी. सालं मंद आचेवर किंचित भाजून कुटावीत.

३. टोफूचे तुकडे मिठाच्या गरम पाण्यात ५ मिनिटं ठेवावेत. कच्चट वास जातो आणि तुकडे सहसा फुटत नाहीत.

४. तेलात खिमा कोरडा होईपर्यंत परतावा. वाटण आणि किसलेलं आलं घालून तेल लाल होईपर्यंत मंद आचेवर परतावं. वाटण करपलं तर रस्सा कडू होतो.

५. सव्वा कप पाणी, सोया सॉस आणि निथळलेला टोफू घालून ५ मिनिटं उकळावं. डाव फिरवू नये, पाठीने हलकं ढकलावं.

६. पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर दोन-तीन वेळा थोडं थोडं घालावं. रस्सा टोफूला धरून बसला की पात आणि तिरफळाची पूड भुरभुरून लगेच वाढावं.

शाकाहारींनी खिम्याऐवजी बारीक चिरलेली अळंबी घ्यावी. दुधाचं पनीर मात्र घेऊ नये. त्याची चव रश्शावर चढते.

फरक कुठे राहतो?

मूळ पदार्थात मिरची आणि बाकल्याच्या दाण्यांची आंबवून मुरवलेली चटणी असते. तिची खोल, खारट चव सोया सॉस पूर्ण भरून काढत नाही. त्यामुळे हुबेहूब चेंगडूची चव येणार नाही. तिखट आणि मुरमुरी मात्र चोख येते.

हरमल मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नावाला कायद्याचं संरक्षण आहे, पण पिकवणाऱ्याला भाव गिऱ्हाईक असेल तरच मिळतो. बाहेरून आलेल्या सॉसच्या बाटलीवर जाणारे पैसे या मिरचीवर खर्च झाले, तर ते तालुक्यातच राहतील. सुकी मिरची हवाबंद डब्यात भरून ठेवली की पावसाळ्यातही हाताशी राहते.