गुणपत्रिका शिक्षकाचीही

ओस्की, म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांची ठरावीक चेकलिस्टवर गुण देणारी स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षा; तिच्यातले रक्तदाबाचे स्टेशन घ्या. घंटा वाजते, विद्यार्थी पुढे येतो, दंडाला कफ गुंडाळतो, स्टेथोस्कोप टेकवतो आणि थेट पंप दाबू लागतो. मनगटावरची नाडी कुठल्या आकड्याला लागेनाशी होते, हे आधी चाचपायचे असते. काही रुग्णांत स्टेथोस्कोपमधून येणारे आवाज मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतात. त्यामुळे नाडी न पाहणाऱ्याला वरचा दाब खऱ्याहून बराच कमी भरतो. परीक्षक चेकलिस्टमधल्या नाडीच्या ओळीपुढे शून्य टाकतो, गुणांची बेरीज होते, चेकलिस्टा गठ्ठ्यात जातात. वैद्यकीय शिक्षकाचा खरा अभ्यास त्या गठ्ठ्यापासून सुरू व्हायला हवा. निम्म्या बॅचला एकाच ओळीत शून्य असेल, तर दोष मुलांइतकाच शिकवण्यात शोधावा लागेल, शिकवण्याची पद्धत बदलून पुढच्या बॅचचे गुण पाहावे लागतील. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून ओस्कीची पद्धत मांडली, ती परीक्षक बदलला की गुण बदलतात हा प्रकार कमी व्हावा म्हणून. पण तिच्या कागदांतून शिकवणाऱ्याचीही परीक्षा होत असते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. सकाळभर ओपीडी, मग वॉर्ड, त्यात बढतीसाठी पेपर. तक्रार खरी आहे. पण चेकलिस्टा भरल्या जातातच, त्यातली एक ओळ मोजायला वेगळा निधी लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पुढची बॅच सुधारली, तरी ते नव्या पद्धतीमुळेच कशावरून? प्रश्न फुटला असेल, मुलेच हुशार असतील. म्हणूनच नुसता उत्साह पुरत नाही. शिकवणे न बदललेल्या स्टेशनांचे गुण शेजारी ठेवावेत, आणखी एका बॅचची वाट पाहावी, निष्कर्ष सहकाऱ्यांच्या टीकेपुढे ठेवावा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये अध्यापनाला विद्वत्तेत स्थान दिले; ते टिकवायचे तर ही शिस्त पाळावीच लागते.

अध्यापनाचे प्रशिक्षण आता सक्तीचे आहे, मग आणखी काय हवे, असेही म्हटले जाते. कार्यशाळेत पद्धत कळते. ती आपल्या विद्यार्थ्यांना लागू पडली का, हे तिथे कळत नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ मध्ये सुरू झालेल्या, वैद्यकीय शिक्षकांसाठीच्या फेमर अभ्यासक्रमात शिक्षकाला स्वतःच्या कॉलेजात एक प्रकल्प राबवावा लागतो, तो याचसाठी. बढतीच्या मुलाखतीतही प्रमाणपत्र पाहून थांबू नये. तुमच्या शिकवण्यात काय बदलले आणि त्याने फरक पडला हे कशावरून, एवढे विचारले तरी पुष्कळ साधेल.