ग्रामपंचायतीच्या मालमत्तेची मोजदाद

३१ मार्चला रोकडवहीतील शिल्लक पैशापैशाने जुळविली जाते. परंतु त्याच पैशातून घेतलेली कपाटे, विद्युतपंप व संगणक नोंदीइतकेच प्रत्यक्षात आहेत काय, हा प्रश्न लेखापरीक्षक येईपर्यंत बहुधा कोणी विचारीत नाही. कंपन्यांना तो फार पूर्वीच विचारला गेला. केंद्र शासनाच्या १९७५ च्या आदेशान्वये, स्थिर मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी झाली काय आणि गंभीर तफावतीची हिशेबात योग्य दखल घेतली गेली काय, हे लेखापरीक्षकास आपल्या अहवालात नमूद करावे लागे. २०२० च्या आदेशातही ही अपेक्षा आहे.

ग्रामपंचायतींसाठी २०११ च्या लेखासंहितेत याकरिता स्वतंत्र नमुने आहेत. जडवस्तू व जंगम मालमत्ता नमुना १६ मध्ये, इमारतींसारखी स्थावर मालमत्ता नमुना २२ मध्ये, रस्ते नमुना २३ मध्ये व जमिनी नमुना २४ मध्ये नोंदविल्या जातात. वह्या आहेत, उणीव आहे ती वही हाती घेऊन गावात फिरण्याची.

ही मोजदाद दोन्ही दिशांनी झाली पाहिजे. नोंदीवरून वस्तूकडे गेल्यास हरवलेली वस्तू कळते. वस्तूवरून नोंदीकडे आल्यास नोंदच न झालेली वस्तू सापडते. वर्गणीतून आलेल्या खुर्च्या, कोणी देणगी दिलेला दूरदर्शन संच यांचे प्रमाणक नसते, म्हणून त्यांची नोंदही राहून जाते. अशी वस्तू उद्या नाहीशी झाली, तर ती ग्रामपंचायतीची होती हे सिद्ध तरी कसे करणार? ज्याच्या ताब्यात वस्तू आहेत त्याने एकट्याने मोजणी करू नये, हेही ओघानेच आले.

समजा, नमुना १६ मध्ये एका पंपाचा क्रमांक आहे आणि विहिरीवरच्या पंपाचा क्रमांक निराळा आहे. चौकशीअंती कळते की, जुना पंप जळाला, दुकानदाराने तो मोडीत घेतला आणि तेवढी रक्कम नव्या पंपाच्या देयकातून वजा केली. संख्या एकच राहिल्याने वही जुळलेली दिसते. प्रत्यक्षात जुन्या वस्तूचे निर्लेखन झालेले नाही, मोडीची किंमत जमेस आलेली नाही आणि नव्या पंपाची किंमत कमी नोंदली गेली आहे. म्हणूनच केवळ नग मोजून भागत नाही. क्रमांक पाहावा लागतो आणि खरेदीची नोंद प्रमाणक व रोकडवहीशी ताडून घ्यावी लागते.

जमिनीच्या बाबतीत नमुना २४ सातबारा उताऱ्याशी किंवा मिळकत पत्रिकेशी जुळवावा व हद्द जागेवर जाऊन पाहावी. कागदावर क्षेत्र पूर्ण असूनही कुंपण आत सरकलेले असू शकते.

तफावत आढळल्यास जुनी नोंद खोडू नये. प्रत्यक्ष स्थिती, दिनांक व कारण लिहून स्वाक्षऱ्या घ्याव्यात आणि प्रकरण मासिक सभेपुढे ठेवावे. निरुपयोगी वस्तू सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीनेच निर्लेखित करावी. विक्रीची रक्कम रोकडवहीत जमा झाल्यावर तिचा दिनांक मूळ नोंदीसमोर लिहावा. सचिवाची बदली झाल्यास कार्यभार सोपविताना हीच मोजणी पुन्हा करावी. केवळ वह्यांची यादी देऊन कार्यभार पूर्ण झाला असे मानू नये.