टायटॅनियमची कर्णफुलं आणि व्होल्टचा हिशेब

नकली दागिना घातला की कान खाजतो, पाळी लाल होते, कधी चक्क पाणी सुटतं. ही तक्रार घरोघर ऐकू येते. बहुतेक वेळा त्यामागे निकेल हा धातू असतो. टायटॅनियमचा मात्र सहसा असा त्रास होत नाही. वजनालाही तो हलका, आणि विजेच्या साह्याने त्याच्यावर जांभळा, निळा, सोनेरी, गुलाबी, हिरवा असे सुरेख रंग चढवता येतात. यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. घरबसल्या दागिने करणाऱ्या मैत्रिणींना हे काम शिकावंसं वाटतं, पण गाडी अडते ती एकाच ठिकाणी. पॉवर सप्लाय घ्यायचा तो कोणता?

त्याआधी रंग येतो कसा ते पाहू. हा रंग लावलेला नसतोच मुळी. प्लॅस्टिकच्या भांड्यात लिटरभर पाणी घेऊन त्यात चमचा-दोन चमचे खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा विरघळवायचा. (मीठ नको हं! त्याने धातूला खड्डे पडतात.) दागिना धन टोकाला आणि स्टीलचा जुना चमचा ऋण टोकाला जोडायचा. दोन्ही पाण्यात एकमेकांना न टेकता बुडाले पाहिजेत. वीज सुरू झाली की टायटॅनियमवर ऑक्साइडचा पारदर्शक थर धरतो. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की सप्तरंग दिसतात ना, तसाच या थरामुळे रंग दिसतो. थर किती जाड होणार हे व्होल्ट ठरवतात, आणि थराच्या जाडीवर रंग ठरतो.

साधारण हिशेब असा. दहा व्होल्टला फिकट सोनेरी, पंधरा-वीसला जांभळा, पंचवीस-तीसला निळा. पुढे निळा फिका होत जातो आणि पन्नास-साठच्या दरम्यान पिवळा येतो. सत्तरच्या आसपास गुलाबी, नव्वदकडे मोरपंखी आणि शंभरच्या आसपास हिरवा. कुंकवासारखा लाल मात्र यात मिळत नाही, काळाही नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला तसा शब्द देऊ नका.

आता खरी गोम. दुकानदार पॉवर सप्लाय दाखवताना अँपिअरचं कौतुक सांगतो. सोन्याचं पाणी देणारे कारागीर जो रेक्टिफायर वापरतात, त्यात अँपिअर भरपूर आणि व्होल्ट थोडे असतात. मुलामा देण्याला तेच लागतं. आपल्याला याच्या अगदी उलट हवं. कर्णफुलं, अंगठ्या यांसाठी एक अँपिअर पुरे. वीज सुरू होताच प्रवाह क्षणभर उसळतो आणि थर धरला की आपोआप घटतो. तीस व्होल्ट-दहा अँपिअरचा सप्लाय घेतलात, तर पैसे जास्त जातील आणि रंग निळ्यापाशीच थांबेल. (ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. तिथे अँपिअर लागतात, गंधकाम्ल लागतं आणि रंग वेगळा द्यावा लागतो. ते घरात करण्याचं कामच नव्हे.)

माझं मत विचाराल तर सुरुवात नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्यांनी करावी. एकीचं धन दुसरीच्या ऋणाला जोडत गेलं की व्होल्टची बेरीज होते. दोन जोडल्या की अठरा, म्हणजे जांभळा. तीन जोडल्या की सत्तावीस, म्हणजे निळा. सहा जोडल्या की चोपन्न, म्हणजे पिवळा. हात बसेपर्यंत सहाच्या पुढे जाऊ नये. पुढे गिऱ्हाईक जमलं आणि गुलाबी-हिरव्याची मागणी आली, तर ० ते १२० व्होल्ट मिळणारा, प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा डीसी सप्लाय घ्यावा. नुसता निळा-जांभळाच विकायचा असेल तर ० ते ३० चा साधा सप्लाय पुरतो, आणि त्यात जिवाला धोकाही पुष्कळ कमी.

जिवाचं बोलायचं कारण असं की साठ व्होल्टच्या वरची डीसी वीज धोकादायक धरतात. ओला हात, सोड्याचं पाणी आणि शंभर व्होल्ट यांची गाठ पडली तर अर्ध्या अँपिअरचीही गरज नसते, त्याहून कितीतरी कमी प्रवाह प्राण घेऊ शकतो. म्हणून सप्लायचं आउटपुट घरच्या २३० व्होल्टच्या लाइनपासून ट्रान्सफॉर्मरने वेगळं केलेलं आहे ना, हा पहिला प्रश्न विचारायचा. स्वस्तात मस्त म्हणून कुणी डिमरस्टॅट आणि डायोड जोडून द्यायला निघेल. साध्या डिमरस्टॅटमध्ये घरची लाइन वेगळी होत नाही, म्हणजे थेट तीच तुमच्या भांड्यात उतरते. मुळीच घेऊ नये! आणि घरात ईएलसीबी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. सप्लायच्या दोन्ही टोकांना एकदम हात लागला तर तो पडेलच असं नाही.

दागिना लावताना-काढताना आधी बटण बंद. हातात रबरी मोजे, पायात कोरड्या चपला, खिडकी उघडी (चमच्यापाशी हायड्रोजनचे बुडबुडे निघतात), आणि मुलं शाळेत असतील तीच वेळ. चमचा आणि भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ हे या सामानाचे बाजार. चिठ्ठीवर व्होल्ट, अँपिअर आणि ‘आउटपुट वेगळं हवं’ एवढं लिहून न्या. ‘साहेबांना पाठवा’ असं कुणी म्हणालंच, तर चिठ्ठी पुढे करा आणि चालू करून दाखवायला सांगा.

घरी आणल्यावर लगेच दागिन्याला हात घालू नका. टायटॅनियमची एक पट्टी साबणाने धुऊन, तेलकटपणा काढून, टायटॅनियमच्याच तारेने टांगा. तांब्याचा चिमटा पाण्याला लागला तर वीज तिकडेच जाते आणि रंग चढत नाही. दर पाच व्होल्टला पट्टी थोडी थोडी वर उचला, अर्थात बटण बंद करून. खालच्या टोकाला शेवटचा रंग आणि वर एकेक पायरी उतरती, असा नमुना तयार होतो. एकदा वर गेलेला रंग व्होल्ट कमी केल्याने मागे येत नाही. म्हणून एकाच कर्णफुलावर दोन रंग हवे असतील तर जास्त व्होल्टचा आधी चढवायचा, दुसरा भाग तोवर नेलपॉलिशने झाकून ठेवायचा. मग नेलपॉलिश काढून त्या भागाला कमी व्होल्ट द्यायचे. पट्टीवर आकडे लिहून ती सप्लायच्या शेजारीच टांगून ठेवा. तुमच्या धातूचे आणि तुमच्या सप्लायचे आकडे वर दिलेल्यांपेक्षा चार-पाच व्होल्टनी इकडेतिकडे निघतील.