टाचांवर चालून दाखव

ल्युकेमियाच्या वॉर्डात सकाळी सगळ्यांची नजर रक्ताच्या रिपोर्टवर असते. मी फिजिओथेरपिस्ट, मी चपला बघते. बाथरूमकडे निघालेल्या पोराची एक चप्पल मागे राहते आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो, तेव्हा ओळखावं की व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाने पाय गाठले. आई म्हणते, "आळशी झालाय हो, पाय घासत चालतो." मग पडू नये म्हणून आम्हीच मागे पट्टा असलेले सँडल घ्यायला लावतो, आणि आमची ही खूण नाहीशी होते. एका जुन्या सिस्टरनी त्यावर तोड काढली होती. सँडल उलटा करायचा आणि पुढच्या टोकाची झीज बघायची. डॉक्टर राउंडला येईपर्यंत सिस्टरचं निदान तयार!

व्हिन्क्रिस्टीन पेशीतल्या अतिसूक्ष्म नळ्यांवर घाव घालतं. कर्करोगाची पेशी त्यामुळे दुभंगू शकत नाही. पण चेतातंतूंमधली मालाची ने-आणही तसल्याच नळ्यांच्या आधाराने चालते. सगळ्यांत लांब तंतू पायाचे, म्हणून पहिला फटका तिथे. पाऊल वर उचललं जात नाही, पायाखालची जमीन नीट कळत नाही. याच उपचारातल्या स्टेरॉइडमुळे मांड्यांची ताकद जाते ती वेगळीच. गावाकडच्या मुलांचं ते लवकर लक्षात येतं, कारण उकिडवं बसून उठताना हात आपोआप गुडघ्यांवर येतात. कमोडवर बसणाऱ्यांचं उशिरा कळतं.

एका बाबांची तक्रार होती, "दिवसा बरा चालतो, लाइट गेली की पडतो." नवख्या डॉक्टरांनी 'अंधाराची भीती' असं लिहून टाकलं. आम्ही मुलाला पाय जुळवून उभं केलं आणि आंधळ्या कोशिंबिरीसारखे डोळे मिटायला सांगितले. तो लगेच डोलायला लागला. पाय जे सांगत नव्हते ते डोळे सांगत होते, तेवढ्यावर त्याचं दिवसभराचं चालणं निभत होतं. भीतीबीती काही नव्हती.

व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून मिळतं असं कळल्यावर एका आजींनी विचारलं, "मग सुई कशाला? अंगणात आहे ती, रसच काढून देते की." सिस्टरनी हसण्यावारी नेलं नाही. शरीराच्या दर चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम, आणि एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर नाही, असं मोजून द्यायचं औषध. रसात किती उतरलं, कोण मोजणार? शिरेतून जाणारं हे औषध चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं तर जीवच घेतं. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाठीत दुसऱ्या औषधाची सुई द्यायच्या दिवशी सिस्टर इतक्या का ओरडतात, ते नातेवाइकांना कळत नाही. ओरडू द्यावं.

पाय लुळे पडले की डॉक्टरांची पंचाईत होते. डोस कमी करायचा तर आजार उलटण्याची धास्ती, न करायचा तर पाऊल आणखी पडणार. आधी फाइल चाळतात : बुरशीवरची गोळी चालू आहे का? इट्राकोनॅझोलसारख्या औषधांनी व्हिन्क्रिस्टीन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि नसांना जास्त बाधतं.

आमच्या खोलीत मात्र लंगडी चालते. 'एका पायावर तीस सेकंद उभा राहा' म्हटलं की पोरं कंटाळतात, 'लंगडी घाल' म्हटलं की भांडतात. टाचांवर चालायला सांगितलं की लबाडी सुरू. ढुंगण मागे काढून, बदकासारखं डुलत पलीकडे जातात आणि "जमलं!" म्हणून ओरडतात. पाऊल उचललेलंच नसतं. पोटऱ्या आखडू नयेत म्हणून टॉवेल लावून ताण द्यायचा आणि रात्री स्प्लिंट बांधायचं. स्प्लिंटवर कार्टूनचे स्टिकर डकवू दिले तर ते रात्री पायातच राहतं, नाहीतर पहाटे पलंगाखाली सापडतं.

औषध थांबल्यावर बऱ्याच जणांचे पाय सावरतात. काहींच्या टाचा आणि तोल मात्र वर्षानुवर्षं कुरकुरतात, आणि आजार बरा झालेला असल्याने त्याबद्दल कोणी विचारत नाही. असाच एकजण, आता मिसरूड फुटलेला, तपासणीला आला होता. ढोलपथकात गेला होता, पण ढोल कमरेला बांधून उभं राहिलं की तोल जाई. मग त्याने ताशा घेतला. मी हळहळले, तर म्हणाला, "मॅडम, ताशाच भारी. ढोलवाले आमच्या मागून येतात."