झाकण उचलण्यापूर्वी वजन काढा



उसाची गाडी काट्यावर चढली की दहा किलोचा फरकही आपल्या नजरेतून सुटत नाही. पण रानात काँक्रीटचे काम निघाले की वजन आपण नुसत्या अंदाजाने ठरवतो. तो अंदाज काय करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी लागण पाहायला एका सभासदाच्या रानात गेलो होतो. पाइपलाइनच्या चेंबरसाठी त्यांनी ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ इंच जाडीचे सळईचे झाकण जमिनीवरच ओतून घेतले होते. "साहेब, उचलायला किती गडी लागतील?" त्यांनी विचारले. "चार बास झाले," मी म्हणालो. चौघांनी हात घातला, झाकण निसटले अन् एका गड्याच्या पायाची दोन बोटे चेंगरली. चूक माझीच. हिशेब न करता बोललो होतो.

हिशेब तसा सोपा आहे. आधी घनफूट काढा. ४ इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. १६ चौरस फुटांचा तिसरा हिस्सा ५.३३ घनफूट. सळईचे काँक्रीट घनमीटरला २५०० किलो धरतात, साधे २४०० किलो. एका घनमीटरात ३५.३ घनफूट. म्हणजे सळईचे काँक्रीट घनफुटाला ७१ किलो, साधे ६८ किलो. आता ५.३३ ला ७१ ने गुणा. ३७८ किलो! माणशी जवळजवळ सिमेंटची दोन पोती, तीही वाकून उचलायची.

तोंडी करायचे तर लांबी फुटांत, रुंदी फुटांत, जाडी इंचांत घ्या. तिन्हींचा गुणाकार करून त्याला ६ ने गुणा. उत्तर किलोत येते, थोडे जास्तच येते. ते बरेच.

तेच झाकण १ फूट रुंदीच्या चार फळ्यांत ओतले, तर एक फळी ९५ किलोची होते. प्रत्येक फळीत सळई लांबीने घाला, उचलायला दोन्ही टोकांना कड्या ठेवा.

पंपघराच्या स्लॅबलाही हाच हिशेब. १० बाय १० फूट, ४ इंच जाडीला २४०० किलो. ओला असताना हा सगळा भार सेंटरिंगवर असतो, वर माणसे वेगळी. पुढे त्यावर १००० लिटरची टाकी ठेवली, तर नुसते पाणीच आणखी एक टन. तेव्हा टाकी ठेवायची असेल, तर ओतण्यापूर्वीच इंजिनिअरला सांगा.

मापे घेऊन शेतकी विभागात आलात, तर वजन काढून देऊ.

— ऊस विकास अधिकारी