बुंदेलखंडाची केनकथा गुरे

झाशीचा लक्ष्मी ताल मराठी वाचकांस ठाऊक आहे तो त्याच्या परिसरातील गंगाधरराव नेवाळकरांच्या छत्रीमुळे. बुंदेलखंडात असे जुने तलाव ठिकठिकाणी आढळतात. जमीन खडकाळ, पाऊस लहरी आणि उन्हाळा अतिशय कडक असल्यामुळे तेथे पाणी साठवूनच राहावे लागते. अशा प्रदेशात जनावरही काटकच हवे. केन नदीच्या आसमंतात तशी एक जात घडत गेली. नदीवरूनच तिला केनकथा अथवा केनवारिया म्हणतात. बांदा, हमीरपूर, ललितपूर व टीकमगढ हे जिल्हे तिचे माहेर होत.

हे जनावर ठेंगणे, परंतु बांध्याने मजबूत असते. रंग करडा, डोके आखूड व रुंद, शिंगे पुढे झुकलेली व टोकदार, कान लहान. गाय दूध थोडेच देते. मात्र निकस चाऱ्यावर राहूनही बैल नांगर व गाडी जोमाने ओढतो.

या काटकपणाचे मूळ फार प्राचीन आहे. वशिंड असलेली गुरे सुमारे 8,000 वर्षांपूर्वी सिंधूच्या परिसरात माणसाळली. युरोपीय गुरांप्रमाणे त्यांच्याही पेशींत 60 गुणसूत्रे असतात. तथापि दोहोंच्या वंशशाखा माणसाळण्यापूर्वीच विभक्त झाल्या होत्या. वशिंडाच्या गुरांच्या शरीरात उष्णता कमी निर्माण होते व ती घामावाटे लवकर बाहेर पडते. गोचिडांचा उपद्रवही त्यांस कमी होतो.

याच गुणांसाठी अमेरिकेने भारतीय वळू नेले. गीर, कांक्रेज, ओंगोल व कृष्णाकाठच्या जातींच्या संकरातून तेथे ‘ब्राह्मन’ ही मांसोत्पादनाची जात निर्माण झाली. स्थानिक गायींना भारतीय वळू दाखविले असता पहिल्या पिढीत निम्मा वारसा भारतीय येतो. त्या कालवडींना पुन्हा भारतीय वळूच दाखवीत गेल्यास पुढे तो तीनचतुर्थांश, मग 7/8 आणि चौथ्या पिढीत 15/16 होतो. म्हणूनच ब्राह्मन गुरांत मातृवंशाची खूण बहुधा युरोपीय आढळते. उरलेला वारसा मात्र मुख्यतः भारतीय असतो.

हाच हिशेब उलट दिशेनेही चालतो, आणि केनकथा जातीचे संकट त्यातच आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलांचे काम सरले. पीक निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याच्या तेथील ‘अन्ना’ प्रथेने पुढे वर्षभराचे रूप घेतले. मोकाट कळपात कोणता वळू कोणत्या गायीस लागेल, यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. अवघ्या चार पिढ्यांत मूळ वारशाचा सोळावा हिस्साच उरू शकतो.

यावर उपाय म्हणजे जातिवंत वळू निवडून राखणे, त्यांचे वीर्य गोठवून साठविणे आणि गावोगाव वंशनोंदी ठेवणे. उन्हाळे अधिक तीव्र होत असताना उष्णता व निकस चारा सोसणाऱ्या जनुकांची गरज पुढील पिढ्यांस भासेल. मूळ गुरे शुद्ध स्वरूपात शिल्लक आहेत, तोवरच हे काम करता येईल.